सूर्याला बटण नसतं

“सूर्याले बटन नसते, काकू.”

हे वाक्य त्याने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं आणि मला राग आला. मी गणिताची मास्तरीण. आयुष्यभर दुसऱ्यांना साध्या गोष्टी समजावून सांगितल्या; मला कोणी साधी गोष्ट समजावली की झोंबते. झालं होतं असं, की तारेला हात लावण्याआधी तो आमच्या छताच्या सोलरच्या काचांवर काळी घोंगडी पसरत बसला होता. एक, दोन, तीन, चार. कोपरे ओढून, सुरकुत्या काढून, वर विटा ठेवून. बाळंतिणीच्या खोलीत पांघरुणं घालावीत तशी निगुतीने. मी खाली घड्याळ बघत उभी. म्हटलं, “अरे बाप्पा, मेन स्विच पाडला ना आपण? मग हे काय सोंग?”

तेव्हा वर न बघता तो ते बोलला. मग माझा चेहरा बघून जरा मऊ झाला. “मेन पाडला म्हंजे घर बंद झालं. काच कुठी बंद झाली? जवरी तिच्यावर ऊन, तवरी तारेत वीज. तिले झाकल्याशिवाय मी हात नाई लावत.”

नाव सांगत नाही त्याचं. त्याला आवडलं नसतं, आणि पुढचं वाचलंत की तुम्हालाही ते पटेल. आमच्या बिल्डिंगीत सगळे त्याला सोलरवाला म्हणत. माणसाचा धंदा हेच त्याचं नाव करून टाकायची आपल्याला सवय असते. दूधवाल्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आमची बिल्डिंग सक्करदऱ्याची, तीन मजल्यांची, बारा बिऱ्हाडांची. गच्चीच्या अर्ध्या भागावर पूर्वी सिमेंटचा पत्रा होता आणि त्याखाली एक हॉल. बारसं, भजन, मुलांच्या शिकवण्या, सगळं तिथंच. नागपूरच्या उन्हाने तो पत्रा तडकला तेव्हा सोसायटीने ठरवलं, की नवा पत्रा टाकून त्यावर सोलर बसवण्यापेक्षा सोलरच्या काचांचंच छप्पर करावं. म्हणजे वरची काच हेच छत, खालून तारा, सांध्यांना रबर. उतार रस्त्याच्या बाजूला, आणि उताराचं टोक इतकं खाली, की मोकळ्या गच्चीत उभं राहून हात वर केला की काच हाताला लागे. मी सोसायटीची सेक्रेटरी. निवडून वगैरे आले नव्हते. निवृत्त झालेली बाई रिकामी असते असा लोकांचा समज आहे, त्यातून झाले.

छप्पर बसवायला चौघे आले होते, पण नंतरची देखभाल त्याच्या एकट्याकडे आली. चाळिशीचा, काटकुळा, कानशिलं पांढरी. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा. नागपूरकराला कांद्याचं कारण सांगायला नको. कांदा खिशात असला की ऊन लागत नाही, यावर सूर्याच्या धंद्यात असलेल्या माणसाचाही पूर्ण विश्वास होता.

काचा धुवायला तो उजाडता उजाडता येई. मी एकदा म्हटलं, जरा उशिरा ये, लोकांची झोपमोड होते. तर म्हणाला, “काच तापल्यावर थंडं पानी नाई टाकता येत. तडकते. मानसाचंबी तसंच आहे, काकू. तापलेल्यावर पानी टाकू नये.” हा टोला मला होता हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर तो माझ्याकडचा चहा पिऊन, कप विसळून, उपडा ठेवून निघूनही गेला होता.

चैत्रात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खालच्या दोन ओळींवर कुरड्या घातल्या. त्यांचंही काय चुकलं? उतरती, स्वच्छ, तापलेली काच. कुरड्यांसाठीच केलेली वाटावी. तो आला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता भडका उडतो. त्याने पाण्याच्या टाकीवर वहिनींचंच जुनं पातळ अंथरलं आणि एकेक कुरडई न मोडता तिकडे नेऊन ठेवली. साठ तरी असतील. मग हाक मारली, “वहिनी, वाळल्या मस्त. पन काचीवर सावली पडली का तुमची लिफ्ट बंद पडन.” लिफ्ट काही त्याने बंद पडणार नव्हती, काचांची वीज कमी पडली की सरकारी वीज चालू होते, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. वहिनी घाबरल्या आणि दंड म्हणून त्याला डबाभर कुरड्या तळून दिल्या. त्याने त्या आमच्या चौकीदाराबरोबर जिन्यात बसून खाल्ल्या.

हसतमुख होता म्हणा ना. पण त्याच्या वागण्यात दोन-तीन गोष्टी अशा होत्या, की बघणाऱ्याला बोचाव्यात. मला बोचत होत्या. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे सगळं नीट असतं आणि एकच खुंटी सैल असते.

एक म्हणजे तो कशालाच “हो” म्हणत नसे. त्याला कोणी करू का, लावू का, सोडू का असं विचारलं, की तो काम टाकून स्वतः येई आणि स्वतः ते करी. वर तो काचा धुवायला बसलेला, खाली पंपाजवळ चौकीदार. चौकीदार ओरडे, “सोडू का पाणी?” एवढ्याला हो म्हणायला काय जातं? पण हा शिडी उतरणार, तीन जिने उतरणार, आपल्या हाताने कॉक फिरवणार, पुन्हा चढणार. चौकीदार मला म्हणे, “मॅडम, ये आदमी को मेरे पे भरोसा नहीं.” मलाही तसंच वाटलं. मी त्याला टोकलं, “काहून रे, नुसतं हो म्हटलं तर जीभ झडते का?” त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुसरी गोष्ट अधिक विचित्र. फोनवर तो म्हणे, “उद्या आम्ही दोघं येतो.” पहिल्यांदा मी दोघांचा चहा ठेवला. आला एकटाच. मी विचारलं, दुसरा कुठे? तो गोंधळला. “दोघं म्हनलो का मी?” असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी विचारलंच नाही, एकाचाच चहा ठेवला, आणि का कोण जाणे, मला तो कप एकटा बघवेना.

पितृपक्ष आला. नवमीचा दिवस. आमच्या पहिल्या मजल्यावरचे आजोबा त्या वर्षीच एकटे झाले होते. आजी गेल्या त्या त्यांच्या आधी, सवाष्ण, म्हणून त्यांचं श्राद्ध अविधवा नवमीचं. आजोबांनी पान वाढून गच्चीवर आणलं आणि छपराच्या उताराच्या टोकाशी काचेवर ठेवलं. त्याच दिवशी सोलरवाल्याचं काम निघालं होतं. एका ओळीतली वीज कमी येत होती, सांध्याची तार बदलायची होती. त्याने रीतीप्रमाणे मेन पाडला, तारांच्या डब्यातला खटका पाडला, त्या ओळीवर चारही घोंगडी पसरली आणि खाली हॉलमध्ये स्टुलावर चढून छताच्या आतल्या बाजूने काम सुरू केलं. जाताना मला म्हणाला, “घोंगडी राहू द्याजा, काकू. मी सांगीन तवाच.” मी म्हटलं, “ठाऊक आहे, सूर्याला बटण नसतं.” तो हसला.

कावळे आले. टाकीवर बसले. पानाकडे मान वाकडी करून बघत, आणि उडून पुन्हा टाकीवर. बारा वाजले, साडेबारा, एक. आजोबा हात जोडून उभे. सकाळपासून पोटात काही नाही. म्हणाले, “अगं, सुनेशी भांडणार नाही.” कावळा येईना. “गोड खाणार नाही.” येईना. “तुझ्या भावाला पत्र लिहीन,” म्हणाले. हे फार मोठं होतं, कारण त्या मेव्हण्याशी त्यांचं तीस वर्षांचं वाकडं होतं. तरी कावळा टाकीवरच. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “काय राहिलं असेल तिचं? मला म्हणाली नाही कधी.”

मी बघत होते. मी मास्तरीण, मला कारण दिसलं. पानाच्या मागेच ती काळी घोंगडी. वाऱ्याने त्यांची एखादी कड हले, आणि हलली की कावळा बुजे. दोन मिनिटांचं तर काम. मी विटा उचलून कठड्यावर ठेवल्या आणि खालची दोन घोंगडी ओढून घेतली.

कावळा लगेच उतरला. त्याने भाताला चोच लावली. आजोबांनी हात जोडले आणि मोठ्याने रडायला लागले. आणि त्याच वेळी आतून चट्कन आवाज झाला, मागोमाग स्टूल पडल्याचा.

मी धावले. तो हॉलच्या फरशीवर पडला होता, उजवा हात छातीशी. तळव्यावर भाजल्याचा काळा डाग, दोन बोटं थरथरत होती. जिवंत होता. पण त्याची नजर माझ्यावर नव्हती. तो काचांच्या छताकडे बघत होता, आणि मला विचारत होता, “पडला का तो? पडला का गा?”

“कोण?” मी म्हटलं. “अरे, तूच पडलास!”

पाणी पाजलं, हाताला थंड पाणी लावलं. मी त्याला सगळं सांगितलं, की घोंगडी मीच काढली, कावळ्यासाठी काढली. मला वाटलं, तो माझ्यावर ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. तो म्हणाला, “शिवला का कावळा?”

“शिवला.”

“मंग झालं,” म्हणाला. आणि हॉलच्या भिंतीला टेकून, मान खाली घालून, त्याने मला जे सांगितलं ते असं.

“आम्ही दोघं सावनेरजवळच्या खाप्याचे. एका बाकावर शिकलो. लाइनीचं काम संगच शिकलो, सोलरचंबी. सात वर्सं झाली याले. इतवारीत एका गोदामाच्या पत्र्यावर काम होतं. तो वर, मी खाली डब्याजवळ. मी मेन पाडला. तो वरून म्हने, लावू का हात? मी म्हनलो, लाव.”

तो थांबला. भाजलेला तळवा त्याने उलटा करून बघितला.

“काचा उघड्या होत्या, काकू. भर दुपार. मेन पाडला का सारंच मेलं, असं वाटे मले तवा. तो माह्या भरवशावर होता. झटका बसला, त्यानं हात झटकला, अन् पत्र्याच्या काठावरून गेला. मी खालीच होतो ना. माह्या समोर पडला.”

“मग लोकांना काय सांगितलंस?”

“मी काई सांगतलंच नाई. सारेच म्हनले, पाय घसरला. मालक म्हने, शेजारचे म्हनत. मीबी म्हनलो, हो, पाय घसरला. एकदा म्हनून गेलो, मंग तेच झालं.”

एवढंच असतं तर मी त्याला समजावलं असतं, की अपघात होता, तुला ठाऊक नव्हतं, जे झालं ते झालं. आपण सगळे असंच म्हणतो. पण त्याला खात होतं ते दुसरंच.

“त्याची माय एकटी आहे खाप्याले. सर्वपित्रीले कौलावर पान ठेवते. मी दरसाल जातो. कावळा येते, बसते, पाहते अन् उडून जाते. मंग माय बोलते त्याले. ‘पाय सांभाळता आला नाई तुले? मायचा इचार नाई केला? मेला त मेला, आता काय पायजे तुले?’ लय शिव्या देते, काकू. मेलेल्या पोराले. अन् मी तिथंच बसून आयकतो. मले मालूम आहे ना कावळा काहून शिवत नाई.”

आता माझ्याकडे नीट बघा. चाळीस वर्षं वर्गात खरं बोला, खरं बोला म्हणत आलेली बाई. तिला या प्रश्नाचं एकच उत्तर येत होतं. मी म्हटलं, “मग सांगून टाक तिला. किती दिवस हे वागवून राहशील? मोकळा होशील तू.”

“तिले काय वाटन?”

“खरं कळेल. आणखी काय हवं असतं माणसाला?”

त्याने दुपट्टा सोडून भाजलेल्या हाताला गुंडाळला. मग लहान मुलासारखं विचारलं, “सांगू का मंग?”

“सांग,” मी म्हटलं.

त्याने एका हाताने घोंगडी पुन्हा पसरली, विटा ठेवल्या आणि उरलेली तार बदलून दिली. मी नको म्हणत होते. म्हणाला, “अर्धं काम उघडं ठेवत नाई मी.” मी घरी आले, जेवले आणि चांगली तासभर झोपले. एका माणसाला मार्गाला लावल्याचं समाधान होतं मला. त्या झोपेची आज लाज वाटते.

सहा दिवसांनी सर्वपित्री झाली. तो त्या दिवशी खाप्याला जाणार होता. नंतर काचा धुवायची तारीख आली, तो आला नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी बंद, आठ दिवसांनी बंद. ज्या ठेकेदाराकडे तो काम करी त्याने सांगितलं, सांगूनसवरून गेला नाही, खोलीही सोडली. त्याच्या जागी दोघे नवे आले. चांगले होते, चटपटीत होते, तासाभरात काम उरकून गेले. चौकीदाराने पाणी सोडू का विचारलं आणि ते वरूनच हो म्हणाले. चौकीदाराचं तोंड उतरलं. म्हणाला, “वो था तो ठीक था, मॅडम.”

आणि मी? माझी झोप गेली. जेवताना घास हातात राहून जाई. मी त्याला काय सांगायला पाठवलं होतं? हॉलच्या सावलीत उभी राहून मी म्हटलं होतं, सांग. मला त्यात काय लागणार होतं? त्याने म्हटलेला एक शब्द आणि मी म्हटलेला एक शब्द यांत मला फरक दिसेना.

मार्गशीर्षात मी खाप्याला गेले. आमच्या ह्यांना सांगितलं, शाळेतल्या बाईंकडे जाते. सावनेरमार्गे बस, मग थोडं पायी. चहाच्या टपरीवर विचारलं, सोलरच्या कामात पडून गेला त्या पोराचं घर कोणतं, आणि एका बाईने मला थेट दारात नेऊन सोडलं.

कौलारू घर, सारवलेलं अंगण. त्याची माय उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बारकी बाई, हात मात्र मोठे. मी म्हटलं, नागपूरहून आले, तुमच्या मुलाचा दोस्त आमच्याकडे काम करायचा, त्याचा पत्ता लागत नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सूप पुढे सरकवलं. “बस वं बाई. सोल.” मीही शेंगा सोलायला लागले.

तिने ओंजळभर दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “आला होता सर्वपित्रीच्या अमुशाले. पान ठेवाच्या आंधीच बोलला. सारं सांगतलं. मेन म्हने, काच म्हने. मले त्यातलं काई समजलं नाई. एवढं समजलं का माह्या पोराचा पाय नव्हता घसरला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, सात वर्सं मी माह्या लेकराले शिव्या देऊन राहिली. आंधळा आहे म्हटलं, बेपर्वा आहे म्हटलं, मायले टाकून गेला म्हटलं. तू तिथीसाच बसून होता. आयकत होता. एकदाबी म्हटलं नाई का मावशी, चूप राय, त्याचं काई चुकलं नाई.” तिचे हात थांबले होते. “त्यानं मारलं याचा राग नाई आला मले. काम आहे, होते. पन त्यानं मले माह्याच पोराले बोलू देल्लं.”

मी खाली बघत शेंग मोडत होते.

“मंग म्हटलं, त्या शिव्या तुह्या होत्या. आता घे. अन् देल्ल्या बाई मी त्याले. साऱ्या. सकाळपासून. बसून होता असा, तू बसली तिथीच. उठला नाई, पानी नाई पेला, वर पाह्यलं नाई. दिवस बुडाला. शेवटी माह्याजवळच्या सरल्या. कायच नाई राहिलं बोलाले.”

“मग?”

“मंग काय. म्हनाले पायजे होतं का ऊठ, जेव. नाई म्हटलं. आत गेली अन् कडी लावली. सकाळी म्हनीन म्हटलं. सकाळी पाह्यलं त अंगण खाली.”

कावळा शिवला की नाही, हे मी तिला विचारलं नाही. आणि दुसरी एक गोष्ट सांगितली नाही. त्याला सांग म्हणणारी मी होते, हे वाक्य ओठापर्यंत आलं. अगदी तोंडात होतं. ती माझ्याकडे बघत होती, सूप आमच्या मध्ये होतं, तिसरं कोणी नव्हतं. मी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, आणि म्हटलं, “यंदा तूर चांगली आहे.” चाळीस वर्षं खरं बोला सांगणारी बाई त्या अंगणात एवढंच खरं बोलली. तो सात वर्षं गप्प कसा बसला, हे मला तिथं बसल्यावर कळलं. काही कठीण नसतं ते.

निघताना तिने सोललेले दाणे एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. म्हणाली, “भेटला त सांगजो वं बाई. सरल्या म्हना. एकबी नाई राहिली. जेवाले ये म्हना.”

मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी वर बघत चालते. आमचे हे म्हणतात, एक दिवस गटारात जाशील. पण आपल्या नागपुरात आता बघाल तिकडे छपरांवर काचा आहेत, आणि तुम्हीही पाहिलं असेल, सकाळच्या वेळी कुठे ना कुठे एखादा माणूस पाठमोरा उकिडवा बसलेला असतोच. डोक्याला दुपट्टा, अंगावर जुना फुलबाह्यांचा शर्ट. खालून सगळे सारखेच दिसतात.

परवा मानेवाड्याकडून येताना एका तीन मजली घरावर असाच एक दिसला. तीच पाठ, तेच वाकणं. मी रिक्षा थांबवली, उतरले, आणि या वयाची बाई भर रस्त्यात मान वर करून ओरडले, “अरे, सरल्या म्हणते माय! जेवायला बोलावलं तुला!”

तो वळला. तरणा चेहरा, दुसराच कोणी. काठाशी येऊन म्हणाला, “कोन पायजे, काकू?”

मी त्याला सांगितलं. तुमच्याच कामातला आहे, खाप्याचा, चाळिशीचा. कुठे भेटला तर माय म्हणते सरल्या, एकही उरली नाही, जेवायला ये. त्याला काय कळलं असेल देव जाणे. पण त्याने काही विचारलं नाही, ओठ हलवत निरोप एकदा मनात म्हणून पाहिला आणि म्हणाला, “सांगतो जी.”

रिक्षावाला म्हणाला, “बसा काकू, ऊन आहे.” मी बसले. पुढच्या चौकात एका शाळेच्या छपरावर आणखी कोणी तरी पाठमोरा बसला होता. मी रिक्षा पुन्हा थांबवायला सांगितली.